फासा पडायच्या आधीच जिंकणारा खेळाडू: नव्या मास्तरांसाठी

बेळगावात शहापूरला आमच्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी दुपारी डाव बसतो. मास्तर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि आकडे ठरवणारा, मीच. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती: प्रत्येक जण एक पात्र घेतो, आणि काम जमलं का ते २० बाजूंचा फासा अधिक पात्राचा बोनस यावर ठरतं. दीड वर्ष चाललेल्या मोहिमेत खानापूरच्या पोराची चोरटी, तिचं नाव चिमणी, नवव्या लेव्हलला पोचली आणि कुलूप उघडायचा तिचा बोनस +१३ झाला. माझी झोप उडाली. आता हिला कुठलंच दार अडवणार नाही, मग मी गोष्ट सांगायची कशी?

मग बहुतेक नवे मास्तर करतात तेच मी केलं. प्रत्येक कुलपाचा डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, थोडा थोडा चढवत नेला. १५ चा १८, १८ चा २२. शेवटी एका फाटक्या टोलनाक्याच्या चौकीला मी २८ लावला. फासा पडला, दार उघडलं नाही, आणि पोरगा म्हणाला, "मास्तर, मी नववीत गेलो की कुलूपबी नववीत जातंय काय?"

सगळे हसले, मी पण. रात्री वही काढून हिशेब केला तेव्हा हसू गेलं. +१३ ला २८ गाठायला फाशावर १५ किंवा वर लागतो, म्हणजे ३० टक्के संधी. आणि बोनस शून्य असलेल्या माणसाला साध्या १५ च्या कुलपाला? तेवढीच, ३० टक्के. दीड वर्षात त्यानं जे कमावलं ते मी गुपचूप काढून घेतलं होतं.

त्यानंतर चुकत चुकत जे शिकलो ते इथे क्रमानं मांडतोय. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे आता नवे गट बसायला लागलेत आणि मला फोन येतात ते बहुतेक याच दुखण्याचे.

लागणारं सामान

- प्रत्येक खेळाडूच्या कॅरेक्टर शीटची, म्हणजे पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदाची, ताजी झेरॉक्स. दर लेव्हलला नवी घ्या, जुनीवर खाडाखोड नको.
- एक दोनशे पानी वही. मोबाइलवर नोंदी ठेवू नका, डावात सापडत नाहीत.
- २० बाजूंचे दोन फासे आणि ४ बाजूंचा एक. पोस्टानं यायला वेळ लागला तर फासे टाकायचं मोफत अॅप चालतं.
- नियम. पुस्तक महाग वाटलं तर एसआरडी ५.१ हा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. एवढ्यावर डाव उभा राहतो.
- मोबाइलचा टायमर. कशाला, ते पुढे कळेल.

१. आकडा खरा आहे का ते आधी बघा

घाबरण्याआधी बेरीज तपासा. पाचव्या आवृत्तीत बोनसला हद्द आहे. प्रोफिशियन्सी, म्हणजे पात्र ज्यात तयार आहे त्या कामाचा बोनस, पहिल्या लेव्हलला +२ आणि सतराव्या लेव्हलपासून +६. अॅबिलिटी (चपळाई, बुद्धी असा मूळ गुण) २० असेल तर +५. एक्सपर्टीज (एखाद्या कामात खास हातखंडा) घेतली तर प्रोफिशियन्सी दुप्पट. म्हणजे जादू आणि वस्तू सोडून जास्तीत जास्त ५ + १२ = +१७. पाचव्या लेव्हलच्या पोराच्या शीटवर +१५ दिसला तर कुठेतरी घोटाळा आहे.

नेहमीचा घोटाळा हा: दोन वेगळ्या ठिकाणांहून तेच कौशल्य मिळालं म्हणून प्रोफिशियन्सी दोनदा धरलेली असते. ती एका फाशाला एकदाच लागते आणि दुप्पटही एकदाच होते. दुसरा म्हणजे गायडन्सचा ४ बाजूंचा फासा. बोनसच असल्यासारखा तो प्रत्येक वेळी जोडला जातो. गायडन्स हा मंत्र आहे, तो म्हणावा लागतो, अंगाला हात लावावा लागतो, आणि त्यावर लक्ष धरून ठेवावं लागतं. सावकाराशी घासाघीस चालू असताना शेजारचा मित्र खांद्यावर हात ठेवून मंत्र पुटपुटायला लागला तर सावकार काय समजेल? मी नाही म्हणत नाही. सावकाराचा चेहरा कसा झाला तेवढं सांगतो.

कोल्हापूरच्या रद्दीच्या दुकानात ३.५ आवृत्तीचं जुनं पुस्तक मिळालं म्हणून त्यावर खेळत असाल तर ही हद्द विसरा. तिथे रँक (कौशल्यात घातलेले गुण) लेव्हल अधिक ३ पर्यंत जातात आणि वर बाकीचं साचत जातं. पाथफाइंडर या तशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत तर लेव्हलच बोनसमध्ये धरलेली असते. तिशीच्या पुढचे आकडे तिथे रोजचे. तिथे डीसीसुद्धा लेव्हलबरोबर चढतात, त्यामुळे नुसता आकडा मोठा दिसला म्हणून दचकू नका.

२. प्रत्येकाचा तळ काढून ठेवा

वहीत एक पान करा. प्रत्येक पात्राच्या मोठ्या कौशल्यापुढे दोन आकडे लिहा: फाशावर १ पडला तर किती, २० पडला तर किती. चिमणीचे १४ आणि ३३. या पानासमोर डीसीची पुस्तकातली पायरी ठेवा: ५ अगदी सोपं, १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड, २५ फार अवघड, ३० जवळजवळ अशक्य.

तळाच्या आकड्यात जे मावतं, ते त्या पात्रासाठी काम उरलेलंच नाही. १० चं कुलूप चिमणीसाठी कुलूप नाही, कडी आहे.

पात्र रोग (Rogue), म्हणजे चिमणीसारखं चोरटं असेल तर आणखी एक खूण करा. रिलायबल टॅलेंट मिळालं की प्रोफिशियन्सी असलेल्या चेकमध्ये (फासा टाकून काम जमतं का ते बघण्यात) ९ किंवा खालचा फासा १० धरला जातो. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात हे अकराव्या लेव्हलला येतं, २०२४ च्या पुस्तकात सातव्याच. अकराव्याला +१३ असला तर तळ थेट २३ वर जातो. म्हणजे पुस्तक ज्याला 'अवघड' म्हणतं तेही संपलं. मला हे डावात बसल्यावर कळलं, तीन कुलपांची तयारी करून आल्यावर.

३. डीसी पात्राकडे बघून ठरवू नका

माझी चूक हीच. डीसी हा कुलपाचा, भिंतीचा, पहारेकऱ्याचा असतो. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढायची वाट तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी तेवढीच उभी आहे. रोज चढणारा गडी आला म्हणून डोंगर उंच होत नाही.

म्हणून मी आता डीसी आदल्या रात्री लिहितो, शीट न बघता. गावच्या चौकीला १२ ते १५. सावकाराच्या तिजोरीला २०. राजाच्या खजिन्याला २५, तोही एकच खजिना, प्रत्येक गावात नाही. लिहिलं की बदलायचं नाही. बदलायचा मोह होतो तेव्हा गोकाकचा मित्र, जो कन्नडच बोलतो आणि माझ्या मराठी डावात दोन वर्षं बसलाय, तो तोंड बघूनच ओळखतो. "होगली बिडो," म्हणतो. सोड, जाऊ दे.

याच्याच जोडीचा सापळा: फासा १ पडला की फसलंच, असा घरचा नियम. पुस्तकात हा नियम हल्ल्याच्या फाशाला आहे, कौशल्याला नाही. लावलात तर तालुक्यातली सगळ्यात हुशार कुलूपवाली प्रत्येक विसाव्या कुलपाला हात टेकते, आणि एका वाड्यात चार दारं असली तर कुठेतरी अडकायची शक्यता साधारण साडेअठरा टक्के. इतकी वाईट कारागीर आमच्या खडेबाजारात दुकान चालवू शकणार नाही.

४. फासा मागूच नका

हे नव्यांना सगळ्यात जड जातं, कारण फासा टाकण्यात मजा आहे. पण ज्याचा निकाल आधीच ठरलाय त्याला फासा टाकायला लावणं म्हणजे वेळ काढणं. सरळ सांगा: "चिमणीनं तार आत घातली, दोन श्वास घेतले, दार उघडलं." खेळाडूचं तोंड बघा मग. फासा जिंकल्यावर जो आनंद होत नाही तो इथे होतो, कारण मास्तरानं आपलं पात्र मानलं.

५. प्रश्न बदला

कुंदा करणाऱ्या आचाऱ्याला 'दूध आटेल का' असं कोणी विचारत नाही. 'संध्याकाळच्या लग्नाला वीस किलो होईल का' हे विचारतात. मोठ्या बोनसचं सगळं औषध या एका प्रश्नात आहे. 'जमेल का' हे सोडा. मग उरतं: किती वेळात, किती आवाजात, कशाच्या बदल्यात, आणि जमल्यावर काय.

वेळेसाठी टायमर. पहारा दर दहा मिनिटांनी फिरतो असं सांगून मी खऱ्या मोबाइलवर दहा मिनिटं लावतो आणि तो टेबलाच्या मध्ये ठेवतो. दार तर उघडणारच आहे. आतल्या सहा पेट्यांतली कुठली आधी, हे गटानं त्या दहा मिनिटांत ठरवायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पाच जण एकदम बोलायला लागले आणि सात मिनिटं भांडणातच गेली. माझा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला डाव तो.

जास्त पडलेल्या आकड्याचं काहीतरी करा. ही कल्पना पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीची. तिथे डीसीच्या १० वर गेलं की नुसतं यश नाही, मोठं यश. मी ती पाचव्या आवृत्तीत उचलली. १५ च्या कुलपाला २५ आले तर दार तर उघडतंच, वर ते पुन्हा असं लावता येतं की कोणी हात लावला होता हे कळणार नाही. किंवा कुलूप कुणी केलंय ते ओळखू येतं. खेळाडूला मोठ्या फाशाचं मोल मिळतं आणि मला गोष्टीचा पुढचा धागा देता येतो.

आणि काही दारांना कुलूपच नसतं. आतून आडसर लावलेल्या दाराला तार घालून उपयोग काय? पण हे दर दुसऱ्या दाराला करू नका, नाहीतर ती डीसी वाढवण्याचीच दुसरी तऱ्हा झाली.

६. गोडबोल्या बार्डचं काय करायचं

फोन येतात त्यातले निम्मे याचेच. आठव्या लेव्हलचा बार्ड, म्हणजे भाट, करिष्मा (छाप पाडायचा गुण) २०, पर्सुएशनमध्ये (समजूत घालण्यात) एक्सपर्टीज: +११. तो राजाला म्हणतो, "गादी मला द्या," आणि फासा हातात घेतो.

३.५ मध्ये हे खरंच हाताबाहेर जातं. शत्रूला तटस्थ करायला २५, मित्र करायला ३५, असा छापील तक्ता आहे. आमच्यात एकानं सहाव्या लेव्हलचा हाफ-एल्फ +२४ डिप्लोमसी (तिथलं वाटाघाटीचं कौशल्य) घेऊन आणला होता. म्हणजे फाशावर १ पडला तरी तलवार उपसलेला दरोडेखोर तटस्थ. त्याच तक्त्याशेजारी उतारा पण छापलाय आणि तो कोणी वाचत नाही: याला किमान एक मिनिट बोलावं लागतं, आणि घाईत उरकायचं असेल तर १० वजा. दरोडेखोर मिनिटभर ऐकत उभा राहील का, हा प्रश्न फाशाच्या आधीचा.

२०२४ च्या पुस्तकात यावर मला पटलेली वाट आहे. समोरचा राजी आहे, गैरराजी आहे की अडखळलाय, हे मास्तरानं आधी ठरवायचं. राजी असेल तर फासा नाही, काम झालं. गैरराजी असेल तरी फासा नाही, काम होणार नाही. फासा फक्त अडखळलेल्यासाठी. डीसी १५ किंवा समोरच्याच्या बुद्धीचा आकडा, जे जास्त असेल ते. फसलं तर तीच विनंती त्याच तऱ्हेनं करायला २४ तास थांबायचं. राजा गादीच्या बाबतीत गैरराजी आहे. +११ असो की +१७. आपण सीमाभागातली माणसं, १९५६ पासून बघतोय: बोलणारे किती आले, किती गेले, आणि बैठक झाली म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. हे नव्या खेळाडूला समजवायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

पण गैरराजी हा शिक्का जपून वापरा. तुम्हाला प्रसंग आवडला नाही म्हणून गैरराजी, असं नाही. माणसाला काय हवंय ते वहीत एका ओळीत लिहा: 'पाटलाला पोराची नोकरी हवी, जमीन देणार नाही.' बार्डनं जमीन मागितली तर फासा नाही. पोराच्या नोकरीवरून बोलणं काढलं की तोच पाटील अडखळतो. मोठ्या बोनसवाल्याला मग आधी माणूस शोधावा लागतो.

आता आमची घरची युक्ती. पुस्तकातली पात्रं 'कॉमन' नावाची एक भाषा सर्रास बोलतात. आम्ही ती काढून टाकली. बेळगावात बसून सगळ्यांना एकच भाषा येते असं खेळायला आम्हालाच हसू येत होतं. डोंगराकडची एक बोली, नदीकडची एक, प्रत्येक पात्राला सुरुवातीला एकच. अनगोळच्या कॉलेजच्या पोराचा बार्ड नदीकडची बोली बोलत नाही. ती येते फक्त गोकाकच्या मित्राच्या पैलवानाला, ज्याचं पर्सुएशन −१. म्हणून बार्ड मराठीत भाषण ठोकतो, पैलवान त्याचं कन्नडमध्ये करून मला सांगतो, आणि मी ऐकतो ते पैलवानाचं. फासा बार्डचाच, बोनस पण त्याचाच, मी काही कापत नाही. पण एकदा "आम्ही तुमच्या देवळाचं रक्षण करू" याचं "देऊळ आम्ही सांभाळू" असं झालं, आणि पुजाऱ्यानं किल्ल्या पुढे केल्या. दोन डाव ते देऊळ झाडत बसले.

७. लपणारे

एकटी चिमणी लपली तर तिला लपू द्या. त्रास होतो तो पास विदाऊट ट्रेस या दुसऱ्या पातळीच्या मंत्राचा, कारण तो सगळ्या गटाला स्टेल्थमध्ये (लपण्यात) +१० देतो. लोखंडी चिलखतातला, −१ वाला माणूसही मग १० च्या खाली जात नाही, आणि गॉब्लिन या बुटक्या राक्षसाचं पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता जे ध्यानात येतं त्याचा आकडा, ९. म्हणजे अख्खी वरात त्याच्या नाकासमोरून गेली.

मंत्र काढू नका, त्याच्या अटी पाळा. मंत्र म्हणणाऱ्यापासून ३० फुटांत राहावं लागतं, जे एका बसच्या लांबीपेक्षा कमी आहे. लक्ष तुटलं की मंत्र गेला. एका तासापेक्षा जास्त चालत नाही. आणि तो अदृश्य करत नाही: उघड्यावर, दिव्याखाली, समोर बघत असलेल्या माणसापुढे लपता येत नाही, बोनस कितीही असो. मागे पाऊलखुणा राहत नाहीत हे खरं, कणकुंबीच्या जुलैच्या चिखलातही नाही. पण गोठ्यातला घोडा नाहीसा झाला, तिजोरी रिकामी झाली, हे सकाळी दिसतंच. माणूस सापडला नाही तरी चोरी सापडते, आणि मग गाव कोणाला धरतं? बहुधा चुकीच्या माणसाला. तिथून पुढचा डाव आपोआप तयार होतो.

८. सगळं दिसणारी अक्का

निपाणीहून येणाऱ्या अक्कांची पुजारीण. विज्डम (शहाणपण) २०, परसेप्शनमध्ये प्रोफिशियन्सी, वर २०१४ च्या पुस्तकातली ऑब्झर्व्हंट फीट, म्हणजे जादा खुबी. पॅसिव्ह १० + ५ + ३ + ५ = २३. कुठलाच सापळा तिच्यापासून लपत नाही.

मग लपवू नका. तिला सगळं आधी सांगा, भरपूर सांगा. दिसणं आणि कळणं वेगळं. 'तिसऱ्या पायरीच्या फटीत काळी तार आहे' हे परसेप्शन. ती तार कशाला जोडलीय, हे तिला माहीत नाही. ते चिमणीला विचारायला लागतं, आणि तार जुन्या मठाच्या लिपीजवळून जात असेल तर जादूगाराला. एका मोठ्या आकड्यानं तिघांना काम मिळालं.

९. बाकीचे काय करतात

मोठ्या बोनसची खरी झळ मास्तराला बसत नाही, शेजारी बसलेल्याला बसते. +३ स्टेल्थवाला हळूहळू फासा उचलायचा बंद होतो. दोन उपाय पुरतात. गटानं मिळून करायच्या कामाला गटाचा चेक घ्या: निम्मे किंवा जास्त जमले की सगळे जमले. आणि एकाच वेळी दोन ठिकाणी काम ठेवा. चिमणी तिजोरीपाशी असताना अंगणात कोणीतरी पहारेकऱ्याशी बोलत राहिलं पाहिजे. चिमणी दोन्हीकडे असू शकत नाही.

१०. खेळाडूशी डावाबाहेर बोला

आधी डीसी चढवून बसला असाल, माझ्यासारखे, तर लपवू नका. मी खानापूरच्या पोराला चहाला बोलावलं आणि २८ चा आकडा दाखवला. त्याला माहीत होतंच. म्हणाला, "मास्तर, उघडूदे की. मला आत काय हाय ते बघायचंय."

पुढच्या रविवारी आम्ही त्याच चौकीपासून सुरू केलं. फासा मागितला नाही, दार उघडलं. आत टोलाची वही होती आणि तिच्यात गटातल्या पाचही जणांची नावं, एकाच्या नावापुढे दर महिन्याला मिळालेली रक्कम. वही न्यायची, जाळायची की जागेवर ठेवायची यावर पाऊण तास गेला. एकदाही फासा पडला नाही, आणि अक्कांची साडेसातची बस चुकली.